खुळखुळ्याच्या माळावरचं पाखरू

"हलू नका! कुणीही हलायचं नाही! अहो, ती शेळी हलतेय! तिला सांगा कुणीतरी!"

ओरडणारे गृहस्थ माळावर पालथे पडले होते. पोटाखाली घरून आणलेली योगासनांची चटई, डोक्यावर मानेमागे पडदा सोडलेली टोपी, आणि डोळ्याला कॅमेरा. कॅमेऱ्याची नळी एवढी लांब, की ते नगरमधून निघायच्या आत तिचं टोक करंजी घाट चढून गेलेलं असायचं. त्या टोकासमोर खुळखुळ्याच्या पिवळ्या फुलावर एक पाखरू बसलं होतं, पतंगाच्या जातीचं, नखाएवढं. पाखराच्या मागे बांधावर एक शेळी बोरीचा पाला ओरबाडत होती, आणि तिच्या मागे हातात काठी घेतलेली एक बाई उभी होती.

"ओ सायेब," बाई वरून म्हणाली, "शेळीला मराठी येतंय, पन ती मनावर घेत न्हाई."

आम्ही पंधरा-सोळा जण जागच्या जागी थिजलो होतो. एकाचा पाय सराट्याच्या काट्यावर होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हलला नाही. मंडळाची शिस्त. आमच्या निसर्ग मंडळात कुणाला निसर्ग कळतो की नाही हे आजवर कुणी विचारलेलं नाही, पण शिस्त मात्र लष्करापेक्षा कडक. मी हे उगाच बोलत नाही. भिंगारला लष्कराच्या कचेरीत कारकुनी करतो, दोन्ही शिस्ती पाहिल्या आहेत. लष्करात निदान दुपारी चहा मिळतो.

ओरडत होते ते आमचे अध्यक्ष, डॉक्टर. डॉक्टर म्हणजे दातांचे. नगरात मोठा दवाखाना, बाहेर काचेच्या पेटीत माणसाच्या डोक्याएवढी प्लास्टरची दाढ. मंडळाला घटना आहे, ठराव आहेत, पण अध्यक्ष निवडायची खरी पद्धत म्हणजे सगळ्यांच्या कॅमेऱ्याच्या नळ्या शेजारी शेजारी धरायच्या. डॉक्टर बिनविरोध. माझ्याकडे जुनापाना कॅमेरा, त्याची नळी एवढी आखूड की मंडळात मला चहा सांगायच्या कामावर ठेवलं होतं.

आणि बांधावरची ती बाई माझी सख्खी बहीण होती.

हे मंडळात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होऊ देणार नव्हतो. पाथर्डी तालुक्यातल्या या माळावर यायचं डॉक्टरांनी नकाशा बघून ठरवलं, तेव्हाच मी तिला फोन करून सांगितलं होतं, "येतोय, पण मला ओळखायचं नाही." कारण अनुभव. आमच्यातल्या एकानं पूर्वी चुकून बोलून टाकलं होतं, या गावात माझी मावशी असते. झालं. सोळा जण मावशीच्या ओट्यावर. मावशीनं पिठलं-भाकरी केली, चुलीत जाळ घालून घालून भुवया जळल्या तिच्या, आणि हे लोक जेवून उठले ते हात धुवायच्या आधी तिचाच फोटो काढून 'ग्रामीण आदरातिथ्य' म्हणून ग्रुपवर टाकून मोकळे. भांडी कुणी घासली? मावशीनं. माझ्या बहिणीवर मी ही पाळी येऊ देणार नव्हतो. तिनंही सोंग असं वठवलं की मलाच क्षणभर वाटलं, ही कोण बाई.

आता डॉक्टरांची फोटो काढायची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

त्यांचा एक मंत्र होता: सब्जेक्ट स्वच्छ हवा. माळावर काय असतं? माती असते, कुसळं असतात, कोळ्याचं तुटकं जाळं असतं. डॉक्टरांना यातलं काही चालत नसे. त्यांच्या बॅगेत दवाखान्यातलं सगळं सामान असायचं, चिमटा, कापसाचे बोळे, हवा मारायचा रबरी फुगा, पाण्याची फवारणी आणि एक छोटा ब्रश. तरवडाचं फूल दिसलं की आधी त्याला अंघोळ. भर दुपारी बारा वाजता फवारणी मारून त्यावर दव पाडायचं आणि खाली लिहायचं, 'पहाटेचं लावण्य'. विष्णुकांतेचं एवढंसं निळं फूल, जमिनीला चिकटून वाढणारं. त्याच्या भोवतीचं गवत डॉक्टर नखकात्रीनं असं भादरायचे की फूल बोहल्यावर बसल्यासारखं दिसे. एकदा एका सरड्याला त्यांनी एवढं पुसलं की तो बिचारा रंग बदलायचं विसरला. तीन दिवस पिवळाच होता. खोटं वाटत असेल तर सरड्याला विचारा.

आणि या कामाला मंडळात नाव होतं 'सरांची मेहनत'. पहाटे चारला उठून दवाची वाट बघणारा माणूस यांच्या लेखी बावळट, आणि फवारणी मारणारा कलाकार.

तर त्या दिवशी शेळी एकदाची बाजूला झाली. डॉक्टरांनी पाखराकडे निरखून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"मळलंय," म्हणाले.

पाखरू मळलेलं नव्हतं. पांढऱ्या पंखांवर बारीक लाल आणि काळे ठिपके असतात त्याच्या, जशी एखाद्या हौशी माणसानं पांढऱ्या कापडावर दोन रंगांची बोटं उठवावीत. या माळावर खुळखुळा रग्गड, आणि खुळखुळा असेल तिथे हे पाखरू असतंच. त्याच्या अळ्या खुळखुळ्याच्या शेंगा खाऊनच वाढतात. चालताना पायातून उडतं, दहा पावलांवर जाऊन बसतं, पुन्हा उडतं. रामराम घालायला थांबत नाही एवढंच.

डॉक्टरांनी चिमट्यानं त्याचा पंख धरला. पाखरानं मेल्याचं सोंग घेतलं आणि मानेपाशी पिवळा फेस काढला. डॉक्टर सवयीनं म्हणाले, "थुंका." मग आपण दवाखान्यात नाही हे लक्षात येऊन त्यांनी कापसानं फेस टिपला आणि ब्रश चालवायला सुरुवात केली. वरून खाली, वरून खाली, हिरड्या सांभाळून. ब्रशच्या केसांना लाल-काळी भुकटी लागली. ती त्यांनी फुंकून टाकली.

"बघा किती धूळ," ते आम्हाला म्हणाले. "या भागात प्रदूषण वाढलंय."

सोळा माना हलल्या. माझीसुद्धा हलली. फुलपाखराचे आणि पतंगाचे रंग म्हणजे त्याच्या पंखांवरचे बारीक खवले, धुळीसारखे सुटे, बोट लागलं तरी निघून येतात, हे शाळेत चौथी-पाचवीत असलेल्या पोरालाही माहीत असतं. पण आमच्या मंडळात डॉक्टरांची चूक दाखवणं म्हणजे त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून बसायचं आणि त्यांच्याच बोटाला चावायचं. पुढच्या वेळी दात दुखला की काय? गावात दुसरा डॉक्टर स्वस्त नाही.

पाखरू जेव्हा फुलावर परत ठेवलं तेव्हा ते ओला कागद सुकवून ठेवावा तसं दिसत होतं. पंख आरपार, ठिपक्यांच्या जागी कुठेतरी चहाच्या डागासारखी सावली. डॉक्टरांनी त्याचे इतके फोटो काढले की कॅमेरा दमला.

रात्री त्यांनी घरी पुस्तकं उघडली. हे पाखरू एकाही पुस्तकात नव्हतं. कसं असेल? पुस्तकात पाखरं घासून छापत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर घोषणा झाली. जिल्ह्यात, कदाचित देशात, कदाचित जगात कधी न नोंदलेला पतंग. त्यानंतर दुपारपर्यंत माझा मोबाईल एवढा थरथरला की टेबलावरून चालत चालत कचेरीच्या दारापर्यंत गेला. जोडलेले हात, फुलांचे गुच्छ, 'आम्ही साक्षीदार', 'नगरचा अभिमान'. एकानं फोटो ओळख पटवायच्या ॲपमध्ये घालून बघितला. ॲपनं सांगितलं, मोगऱ्याची पाकळी. त्यावर हा इसम लिहितो, "ॲपलाही ओळखता येत नाही एवढा दुर्मिळ!" डॉक्टरांच्या घरी पतंगाला त्यांच्या आईचं नाव द्यायचं की सासूबाईंचं, यावरून दोन दिवस स्वयंपाक झाला नाही म्हणतात. स्थानिक पेपरात फोटो आला. पतंगाचा नखाएवढा, डॉक्टरांचा पोस्टकार्डाएवढा.

मी त्याच जातीच्या पाखराचा माझ्याकडचा फोटो ग्रुपवर टाकला. बहिणीच्या शेळ्यांच्या गोठ्यावर एक बल्ब आहे, सकाळी त्याच्या खालच्या भिंतीवर रात्रीची पाखरं बसलेली असतात, तिथे काढलेला. लाल-काळे ठिपके सगळे जागच्या जागी. खाली लिहिलं, "डॉक्टर, हेच असावं काय?"

डॉक्टरांचं उत्तर: "ठिपके नीट पाहावेत. आपलं ठिपकेवालं, माझं बिनठिपक्यांचं. नवशिक्यांची अशी गफलत होते."

त्याखाली चौदा अंगठे.

इथपर्यंत मला हसायला येत होतं. मग एके दिवशी बहिणीचा फोन आला.

"दादा, तुझ्या पाखरानं माझं गायरान खाल्लं."

झालं असं होतं, की पेपरातली बातमी गावच्या सरपंचांनी वाचली होती. सरपंच म्हणजे पुढच्या निवडणुकीपर्यंत गावात काहीतरी नवं उभं करून दाखवायच्या घाईत असलेला माणूस. आधीची व्यायामशाळा उभी राहिली होती ती कडबा ठेवायला कामी येत होती. एमआयडीसीतल्या एका कंपनीला समाजकार्यावर पैसे खर्च करायचे होते. डॉक्टरांना स्वतःच्या पतंगासाठी राखीव जागा हवी होती. तिघांचं जमलं. गायरानाच्या त्या उताराला तारेचं कुंपण, दाराला फाटक, फाटकावर पाटी: पतंग संवर्धन क्षेत्र, चराई बंद. सिमेंटचे खांब ट्रॅक्टरनं येऊन पडले होते, वरच्या अंगाला चार-पाच रोवूनही झाले होते. ग्रामसभेत ठराव तेवढा बाकी.

चराई बंद म्हणजे माझ्या बहिणीचं काय बंद, ते सांगतो. लग्न झाल्यापासून ती आणि दाजी दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. पाचटाच्या कोपीत राहायचं, पहाटे अंधारात फडात, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. दाजींची कंबर तिथेच गेली. मग तिनं दोन शेळ्या घेतल्या, दोनाच्या चार, चाराच्या बारा, आणि ज्या वर्षी शेळ्यांवर घर निभतंय असं दिसलं त्या वर्षी तिनं कोयता गोठ्याच्या आढ्याला खोचून टाकला. परत काढला नाही. पण शेळ्या चारायला तिच्याकडे स्वतःचं रान नाही. हा उतारच. उतार गेला की शेळ्या विकायच्या, आणि शेळ्या विकल्या की आढ्याचा कोयता काढायचा. ऊसतोडीच्या टोळ्या भरणाऱ्या मुकादमाला याचा वास लागला होता. दसरा जवळ आला होता आणि त्याची जीप तिच्या दारापाशी येऊन हळू व्हायला लागली होती.

"मुकादम काय म्हणतो?" मी विचारलं.

"काय म्हनत न्हाई. नुसता गोठ्याकडं बघतो आन हसतो."

"मी डॉक्टरांना सांगून बघतो."

"तू सांगितलं हुतं ना?"

"सांगितलं होतं."

"मंग त्यानं काय केलं?"

"मला नवशिका म्हणाला."

"आसंल," म्हणाली.

मी डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन आलो. खुर्चीतला माणूस लाळ पुसत होता, डॉक्टर त्याच्या तोंडात बघत माझ्याशी बोलत होते. मी म्हणालो, डॉक्टर, त्या उतारावर शेळ्या गवत खातात आणि खुळखुळ्याला तोंड लावत नाहीत म्हणून खुळखुळा वाढतो. शेळ्या बंद केल्या तर गवत कमरेएवढं होईल, खुळखुळा दबेल, मग पाखरू खाणार काय? डॉक्टर म्हणाले, "गवत आपण कापू." अख्खा माळ हा माणूस नखकात्रीनं कापायला निघाला होता. खुर्चीतल्या माणसानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होता, मलाही बाहेर घेऊन चला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाला शब्दांनी काही सांगणं व्यर्थ आहे. फोटो दाखवला तर तो ठिपके मोजतो, कारण सांगितलं तर उपाय सुचवतो. त्याला फक्त एकच गोष्ट मनापासून येते, आणि ती म्हणजे साफसफाई. तर तीच करू द्यावी. चारचौघांत.

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोरच्या सभामंडपात होती, सकाळी. मंडपावर फ्लेक्स लावला होता, त्यावर ते घासलेलं पाखरू गरुडाएवढं केलेलं. त्याच्या एका पंखाखाली सरपंच, दुसऱ्याखाली डॉक्टर. कंपनीचा साहेब पांढऱ्या गाडीतून आला, त्याला फेटा बांधला, फेटा मोठा झाला, कानांवरून घसरून डोळ्यांवर आला, तो तसाच बसला. आमचं मंडळ झाडून हजर, सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे. गावची माणसं सतरंजीवर. बायका खांबाला टेकून, त्यांत माझी बहीण. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी सकाळीच माळावर जाऊन आलो होतो. खिशात पेढ्यांची पारदर्शक डबी, तिच्यात एक पाखरू. टवटवीत, सगळ्या ठिपक्यांसकट. खरं सांगतो, त्याचं मला वाईट वाटलं. पण सभामंडपात कुणाचं तरी वाईट होणारच होतं.

डॉक्टरांचं भाषण सुरू होतं. बिनठिपक्यांच्या शुभ्र पंखांबद्दल ते असं बोलत होते की दोन म्हाताऱ्यांनी नमस्कार केला. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, सरपंच ठरावाचा कागद हातात घेऊन उभे राहणार, तेवढ्यात मी उठलो. आवाजात मध, मान खाली.

"डॉक्टर, एक विनंती होती. आज मलाही एक पाखरू सापडलंय. पण फार मळलंय हो. तुमच्यासारखा हात मंडळात कुणाचाच नाही. जरा साफ करून दिलंत तर गावकऱ्यांनाही बघायला मिळेल, शास्त्रीय काम कसं चालतं."

डॉक्टर फुलले. माणूस स्तुतीनं फुगतो म्हणतात, पण डॉक्टर तर उकळत्या तेलातल्या पुरीसारखे टम्म झाले. बॅग उघडली. चिमटा आला, कापूस आला, ब्रश आला. सगळं गाव सतरंजीवरून उठून भोवती गोळा झालं. कंपनीच्या साहेबानं फेटा वर सारला.

"बघा," डॉक्टर गावाला म्हणाले, "धूळ कशी निघते."

वरून खाली, वरून खाली. लाल ठिपके ब्रशवर आले. काळे ठिपके ब्रशवर आले. पांढऱ्या कापसावर ती भुकटी त्यांनी झटकली, पुन्हा ब्रश मारला, फुगा दाबून हवा मारली, आणि पाखरू वर धरलं. पंख आरपार, ठिपक्यांच्या जागी चहाचा डाग. फ्लेक्सवरच्या गरुडाचं हुबेहूब पिल्लू.

मला वाटलं, आता तरी या माणसाला उजेड दिसेल.

डॉक्टरांनी पाखराकडे पाहिलं. फ्लेक्सकडे पाहिलं. परत पाखराकडे पाहिलं. आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "दुसरा नमुना! मंडळी, दुसरा नमुना सापडला!"

आमच्या मंडळानं टाळ्या वाजवल्या. देवाशपथ वाजवल्या. पंधरा माणसं, त्यांत दोन एम.एस्सी., डोळ्यांदेखत रंग खरवडलेला बघून टाळ्या वाजवत होती आणि एक जण 'अभिनंदन सर' टाइप करत होता.

गाव मात्र कापसाकडे बघत होतं. शेवटी सरपंचांनी हळूच विचारलं, "डॉक्टर, आता हे मगाशी ठिपक्याचं हुतं न्हवं?"

"धूळ होती ती."

"लाल धूळ?"

"प्रदूषण."

"आन सगळ्या पाखरांवर येकाच जागी बसती व्हय धूळ? नक्षी काढून?"

पुढे डॉक्टर काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नाही, कारण खांबाजवळून माझी बहीण खणखणीत आवाजात म्हणाली, "ओ डाक्टर, माझी येक म्हातारी शेळी हाय. तिला बी पुसून द्या. नवीन निघंल!"

मंडप फुटला. हसण्यानं मारुतीच्या देवळावरची कबुतरं उडाली ती म्हणे संध्याकाळी मोहट्याच्या डोंगरावर उतरली. दुसरी एक म्हातारी ओरडली, "माज्या मालकाला बी घासा!" कुणी म्हणालं, सरपंचांना घासा, खाली कोण निघतंय बघू. सरपंच स्वतः हसत होते, आणि हसता हसता ठरावाचा कागद घडी करून खिशात घालत होते. मुरलेला माणूस. वारा फिरला की याची टोपी आधी फिरते.

कंपनीचा साहेब उठला. फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाला, "आम्ही अभ्यास करून कळवतो." त्याची गाडी धुरळा उडवत गेली. अभ्यास करून कळवतो म्हणजे काय, हे कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला समजवावं लागत नाही. असं कळवलेलं मी अजून एकही पत्र पाहिलेलं नाही.

परतीच्या जीपमध्ये डॉक्टर पुढे बसले होते, मांडीवर बॅग. करंजी घाट उतरताना मला त्यांची थोडी दया आली, म्हणजे जेवढी घाटात वळण घेताना येते तेवढी. मी सरकून पुढे झालो आणि नीट, आवाज न चढवता, सगळं सांगितलं. पंखांवर खवले असतात. रंग त्या खवल्यांचा असतो. ती धूळ नव्हे, तेच पाखरू. तुम्ही पुसलं ते ठिपके नव्हते, तुम्ही पाखरूच पुसलंत.

डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, गेलं आत. मग त्यांनी बॅगेतून ब्रश काढला, अंगठ्यानं त्याचे केस दाबून पाहिले.

"कडक आहे," म्हणाले. "मऊ घ्यायला हवा होता."

अजून तेच अध्यक्ष आहेत. नळी आणखी लांब घेतली आहे.

पुढच्या रविवारी मी एकटाच गावाकडे गेलो, आता लपायचं कारण नव्हतं. माळावर खुळखुळा वाळायला लागला होता, पाय लागला की शेंगांत बी वाजत होतं, आणि ठिपक्यांची पाखरं पायातून उडत होती. शेळ्या उतारभर पांगल्या होत्या. वाटेवरून मुकादमाची जीप गेली. गोठ्यापाशी हळू झाली नाही, सरळ पुढच्या वस्तीकडे गेली.

बहीण वरच्या अंगाला बसली होती. कंपनीनं रोवलेले खांब तसेच उभे होते, कुणी न्यायला आलं नव्हतं. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळी हकीकत परत एकदा पहिल्यापासून सांगितली, मध्ये थोडी वाढवून. मी कसा उठलो, आवाजात मध कसा घातला, डबी कशी काढली, डॉक्टरांना कसं बरोब्बर जाळ्यात घेतलं, साहेबाचा फेटा कसा पळताना रस्त्यात उलगडत गेला आणि तिसगावपर्यंत पुरला. एक गाव वाचवलं म्हटलं तरी चालेल, असंही म्हणालो. ती ऐकत होती. तिच्या हातात दोरी होती, दोरीच्या टोकाला ती म्हातारी शेळी. सांगून झालं तसं मी थांबलो, म्हटलं आता ही काहीतरी म्हणेल.

तिनं उठून शेळीची दोरी खांबाला बांधली, ओढून बघितली.

"खांब बरा हाय," ती म्हणाली. "येक घराकडं बी आनून टाक."